तापीकाठचा लाव्हा : भुसावळच्या बोअरपासून रेयुनियनच्या बेटापर्यंत

भुसावळला एकेकाळी कोळशासाठी खोल बोअर घेतला गेला. कल्पना अगदीच हवेतली नव्हती. नागपूर-चंद्रपूरच्या बाजूला काळ्या पाषाणाची हद्द संपते, तिथे त्याच्या खालून गोंडवनी थर वर येतात आणि त्या थरांत कोळसा असतो. तेच थर पश्चिमेकडे पाषाणाखाली दडलेले असतील, अशी आशा धरायला जागा होती. बोअर 1,217 फूट खाली गेला. कोळसा लागला नाही. लागला तो लाव्हा, त्याच्याखाली पुन्हा लाव्हा आणि त्याच्याहीखाली लाव्हाच. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातले लुईस ले फर्मोर यांनी बोअरमधून निघालेले खडक तपासले आणि 1925 साली सर्वेक्षणाच्या ‘रेकॉर्ड्‌स’मध्ये त्यांचा हिशेब मांडला : एकावर एक 29 थर, सरासरी चाळीसेक फूट जाडीचे.

कोळशाच्या हिशेबाने हा खटाटोप वाया गेला. पण खान्देशच्या पायाखाली काय आहे, याचा सरळ पुरावा त्याने हातात ठेवला. 29 थर म्हणजे 29 वेळा इथल्या जमिनीवर शिलारस पसरला, थिजला, थंड झाला आणि मग कधीतरी त्याच्यावर पुढचा लोट आला. आणि ही फक्त साडेतीनशे-पावणेचारशे मीटरची गोष्ट. सह्याद्रीत महाबळेश्वरच्या बाजूला या थरांची एकूण जाडी दोन किलोमीटरच्या वर भरते.

अमळनेर, पारोळा, धरणगावकडच्या शेतकऱ्याला हे थर ठाऊक असतात, कारण त्याने विहीर खणलेली असते. वर काळी माती. तिच्याखाली पांढरी. मग मुरूम, मग हाताने फुटेल असा मांजऱ्या, आणि त्यानंतर सुरुंगाशिवाय दाद न देणारा काळा पाषाण. त्या पाषाणात मध्येच कुठेतरी वीतभर किंवा हातभर जाडीचा विटकरी-तांबडा मातकट पट्टा दिसतो. हा पट्टा नीट बघण्यासारखा असतो. वरचा पाषाण खणखणीत, खालचा सच्छिद्र आणि झिजलेला, आणि त्या दोघांच्या मधली ही माती नखाने उकरली तर पीठ होऊन पडते. खालचा लाव्हा थंड झाल्यावर ऊन-पावसात झिजून त्याची माती झाली, आणि पुढच्या लोटाने तिला भाजून काढून तिच्यावर झाकण घातलं. दोन उद्रेकांच्या मध्ये गेलेला काळ विहिरीच्या भिंतीवर असा रंगाने दिसतो. खालच्या थराच्या सच्छिद्र माथ्यात पूर्वी वायूचे बुडबुडे होते; त्या पोकळ्यांत पुढे पांढरे, गुलाबी, हिरवट स्फटिक भरले. जळगावच्या खाणींतले अपोफिलाइट आणि स्टिल्बाइट आज जगभरच्या संग्रहालयांत काचेमागे ठेवलेले आहेत, ते याच पोकळ्यांतले.

एवढा लाव्हा आला कुठून? हा प्रश्न पहिल्या अभ्यासकांना फार छळत होता, कारण दख्खनमध्ये ज्वालामुखीचा डोंगर नाही. टोकाला खळगा असलेला सुळका नाही, राखेचे ढीग नाहीत. आहेत ती सपाट माथ्याची, पायऱ्या-पायऱ्यांची टेकाडं. कर्नल विल्यम हेन्री साइक्स 1824 ते 1831 या काळात मुंबई सरकारच्या नोकरीत पुणे, नगर, खान्देश, धारवाड असे मुलूख पालथे घालत होते. 1836 साली छापलेल्या त्यांच्या निबंधात या आडव्या थरांचं वर्णन आहे, आणि ते थर उभे छेदून जाणाऱ्या पाषाणाच्या भिंतींचीही नोंद आहे. त्या भिंती कशाच्या, याचं महत्त्व कळायला मात्र पुढचं शतक उजाडावं लागलं.

तापीच्या खोऱ्याचा पहिला पद्धतशीर भूवैज्ञानिक अभ्यास विल्यम थॉमस ब्लॅनफर्ड यांचा. तापी आणि खालच्या नर्मदेच्या खोऱ्यांवरचा त्यांचा प्रबंध 1869 साली सर्वेक्षणाच्या ‘मेमॉयर्स’मध्ये आला. हा माणूस मला या सगळ्या कथेत फार मोलाचा वाटतो. 1855 साली सर्वेक्षणात दाखल झाल्यावर पुढच्याच वर्षी त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी ओडिशातल्या तालचेरला मातीत रुतलेले प्रचंड धोंडे पाहिले आणि ते बर्फाने वाहून आणले असावेत असं म्हटलं. उष्ण कटिबंधातल्या ओडिशात हिमनदीच्या खुणा! खान्देशात आल्यावर दख्खनचा लाव्हा समुद्राच्या तळाशी नव्हे, उघड्या जमिनीवर वाहिला असं त्यांनी मांडलं. राजपिपळ्याच्या डोंगरात आणि तापीच्या बाजूला उभ्या भिंतींची दाटी आहे, हेही त्यांच्या नजरेतून सुटलं नाही. 1868 साली ब्रिटिश फौजेबरोबर ते अबिसीनियात गेले, आणि तिथेही त्यांना दख्खनसारखेच लाव्हाचे सपाट थर भेटले. त्यांचे बंधू हेन्री ब्लॅनफर्ड यांनी 1875 साली भारत आणि दक्षिण आफ्रिका यांच्यामध्ये एके काळी सलग भूमी असली पाहिजे, असा सिद्धांत मांडला. दोन्हीकडच्या कोळशाच्या थरांतल्या वनस्पती इतक्या सारख्या होत्या की दुसरा मार्ग त्यांना दिसेना. ती भूमी पुढे समुद्रात बुडाली, असं त्यांनी धरलं.

ओडिशातला बर्फ, आफ्रिकेशी असलेलं वनस्पतींचं नातं आणि तापीकाठचा लाव्हा हे तिन्ही धागे असे एकाच घरात आले होते. फक्त एक गोष्ट कुणाच्या मनात येत नव्हती : भूमी बुडाली नसेल, सरकली असेल.

तसं 1912 साली आल्फ्रेड वेगेनर यांनी जर्मनीत म्हटलं, 1915 साली त्यावर पुस्तक लिहिलं, आणि बहुतेक भूवैज्ञानिकांनी ते झिडकारलं. खंडं सरकतात म्हणता, तर पुरावा दाखवा. तो पुरावा जिथून मिळाला त्यांत दख्खनचा पाषाण अगदी पुढच्या रांगेत आहे, हे आपल्याकडे पुरेसं सांगितलं जात नाही.

लाव्हा थंड होताना त्यातल्या लोहखनिजाच्या कणांचं चुंबकत्व पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राच्या दिशेने वळतं आणि तसंच कायमचं थिजतं. विषुववृत्तावर हे क्षेत्र जमिनीला समांतर असतं. ध्रुवांकडे जावं तसं ते जमिनीत अधिकाधिक तिरपं शिरतं. म्हणून खडकातल्या चुंबकत्वाचा तिरपेपणा मोजला की तो खडक जन्मला तेव्हा कोणत्या अक्षांशावर होता, ते काढता येतं. केंब्रिजमध्ये टेड अर्व्हिंग या संशोधक विद्यार्थ्याने 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला भारतातून दख्खनच्या पाषाणाचे नमुने मिळवले आणि मोजले. उत्तर स्पष्ट होतं : भारत फार दक्षिणेकडून वर आला आहे. विद्यापीठाने त्यांचा प्रबंध नाकारला. पण त्याच सुमारास नोबेल मानकरी पॅट्रिक ब्लॅकेट यांच्या लंडनमधल्या गटाने हेच काम हाती घेतलं, आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही खडकांच्या चुंबकत्वाचा गट उभा राहिला. सी. राधाकृष्णमूर्ती आणि पी. डब्ल्यू. सहस्रबुद्धे ही त्यातली नावं. 1959 साली अर्न्स्ट डॉइच यांच्यासह त्यांनी दख्खनच्या लाव्हाच्या प्राचीन चुंबकत्वावर निबंध प्रसिद्ध केला. पुढे अशा मोजण्यांत भर पडत गेली आणि आकडा ठरला : लाव्हा वाहत होता तेव्हा हा मुलूख विषुववृत्ताच्या दक्षिणेला साधारण 30 अंशांवर होता. आज अमळनेर 21 अंश उत्तरेला आहे.

पृथ्वीचं कवच सरकत्या तुकड्यांचं, म्हणजे भूपट्टांचं, बनलेलं आहे हा सिद्धांत सर्वमान्य व्हायला अजून दहा वर्षं जायची होती. म्हणजे अमेरिकेतले आणि युरोपातले प्राध्यापक खंडांच्या सरकण्याला नाकं मुरडत होते तेव्हा मुंबईच्या प्रयोगशाळेत सह्याद्रीचा दगड त्याची साक्ष देत होता. याचा अभिमान बाळगायला हवा.

पुढचा पुरावा समुद्राने दिला, आणि तोही आपल्याच समुद्राने. अरबी समुद्राच्या दक्षिणेला पाण्याखाली एक लांबच लांब पर्वतरांग आहे. 1928 ते 1930 मधल्या डॅनिश मोहिमेला पैसा पुरवणाऱ्या प्रतिष्ठानाच्या नावावरून तिला कार्ल्सबर्ग म्हणतात. नोव्हेंबर 1962 मध्ये हिंदी महासागराच्या आंतरराष्ट्रीय मोहिमेत ‘ओवेन’ नावाच्या ब्रिटिश जहाजाने या रांगेचं चुंबकीय सर्वेक्षण केलं. ड्रमंड मॅथ्यूज त्या कामावर होते. ती मोजणी घेऊन त्यांनी आणि त्यांचे विद्यार्थी फ्रेडरिक व्हाइन यांनी 1963 साली ‘नेचर’मध्ये जो छोटा लेख लिहिला, त्याने भूविज्ञान बदलून गेलं. रांगेच्या मध्यावर नवा समुद्रतळ जन्मतो, दोन्ही बाजूंना सरकत जातो, आणि पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव अधूनमधून उलटतात म्हणून त्या तळावर सुलट-उलट चुंबकत्वाचे पट्टे उमटतात, असं त्यांनी दाखवलं.

त्याच सर्वेक्षणात मॅथ्यूज यांना आणखी एक गोष्ट सापडली. सोकोत्रा बेटाच्या बाजूला कार्ल्सबर्गची रांग एका प्रचंड भेगेपाशी तुटलेली आणि बाजूला सरकलेली होती. ही भेग पुढे मकरानच्या किनाऱ्याकडे जाते. जहाजाच्याच नावाने तिला ओवेन भेग म्हणतात. अशा भेगांचा अर्थ 1965 साली कॅनडाचे जॉन तूझो विल्सन यांनी लावला. काही सीमांवर भूपट्ट एकमेकांपासून दूर जातात, काही ठिकाणी एक दुसऱ्याखाली जातो. पण तिसऱ्या जातीच्या सीमेवर दोघेही फक्त बाजूने घासत सरकतात, तिथे नवं काही घडत नाही आणि जुनं काही नष्ट होत नाही. तिला त्यांनी ट्रान्सफॉर्म फॉल्ट म्हटलं. भारताचा आणि अरबस्तानचा भूपट्ट ओवेन भेगेवर आजही असेच घासताहेत, पण दोघेही उत्तरेलाच निघालेले असल्यामुळे त्यांच्यातला फरक वर्षाला जेमतेम काही मिलिमीटरचा. वायव्येला जमिनीवर पाकिस्तान-अफगाणिस्तानच्या हद्दीवरची चमन भेगही याच जातीची, पण ती बरीच वेगाने सरकते आणि तिच्या पट्ट्यात मोठे भूकंप होतात. 1935 सालचा क्वेट्ट्याचा संहारक भूकंप याच पट्ट्यातला.

विल्सन यांनी त्याआधी, 1963 साली, हवाई बेटांवर एक निबंध लिहिला होता. एका मोठ्या नियतकालिकाने तो परत केला. शेवटी तो कॅनडाच्या भौतिकशास्त्राच्या मासिकात छापून आला. कल्पना अशी की पृथ्वीच्या कवचाखालच्या प्रावरणात खोलवर काही ठिकाणी उष्णतेचा उगम जवळपास एका जागी असतो आणि वरचा भूपट्ट त्याच्यावरून सरकत जातो. म्हणून ज्वालामुखींची माळ तयार होते, एका टोकाला जिवंत आणि दुसऱ्या टोकाकडे अधिकाधिक जुनी. यालाच आता हॉटस्पॉट म्हणतात. 1971 साली प्रिन्स्टनच्या जेसन मॉर्गन यांनी या उगमांना प्रावरणातून वर येणारे उष्ण स्तंभ मानलं, आणि लवकरच जगभरच्या माळा नकाशावर जोडायला घेतल्या. त्यांतली एक दख्खनपासून निघते : लक्षद्वीप, मालदीव, चागोस, मग मास्करेन पठार, मॉरिशस आणि शेवटी रेयुनियन. त्या शेवटच्या बेटावर पितों द ला फुर्नेझ हा ज्वालामुखी आजही दर काही महिन्यांनी धगधगतो. तो 21 अंश दक्षिणेला आहे, म्हणजे विषुववृत्तापासून अमळनेर जेवढं वर, जवळपास तेवढाच तो खाली.

नकाशावर रेघ ओढणं सोपं. ती खरी आहे का, हे पाहायला 1987 साली ‘जॉइडीस रिझोल्युशन’ हे खोदकामाचं जहाज मॉरिशसहून निघालं आणि त्या माळेवर समुद्रतळात भोकं पाडत कोलंबोला पोचलं. पोवळ्यांच्या आणि चुनखडीच्या थरांखाली बेसॉल्ट, म्हणजे आपल्याकडचाच काळा पाषाण, लागला. त्याचं वय काढलं तेव्हा मालदीवजवळ ते सुमारे 5 कोटी 70 लाख वर्षं भरलं, चागोसला 4 कोटी 90 लाख आणि मॉरिशसच्या ईशान्येच्या नाझरेथ बँकेवर 3 कोटी 30 लाख. दख्खनचं वय 6 कोटी 60 लाखांच्या आसपास, मॉरिशसचे सर्वांत जुने खडक ऐंशी-नव्वद लाख वर्षांचे आणि रेयुनियनचे वीस लाखांचे. सगळे आकडे ओळीने बसले.

ही माळ मध्ये तुटलेली मात्र आहे. लक्षद्वीप-मालदीव-चागोस हा तुकडा भारताच्या भूपट्टावर आहे, तर मास्करेन आणि मॉरिशस आफ्रिकेच्या बाजूला. साडेतीन-चार कोटी वर्षांपूर्वी मध्य हिंदी महासागराची रांग स्वतःच सरकत सरकत हॉटस्पॉटच्या डोक्यावरून गेली. तोवर भारताखाली असलेला उगम त्यानंतर आफ्रिकेच्या भूपट्टाखाली आला. पुढे त्या रांगेवर नवा समुद्रतळ तयार होत राहिला आणि माळेचे दोन तुकडे एकमेकांपासून दूर गेले. एकोणिसाव्या शतकात कोकणातली मराठी माणसं मजूर म्हणून मॉरिशसला गेली आणि तिथेच राहिली. त्यांची पुढची पिढी आजही गणपती बसवते, मराठी शिकते. उसाच्या शेतांतून त्यांनी वेचून ढीग लावलेले काळे दगड आणि कोकणातल्या त्यांच्या गावच्या कड्याचा दगड या एकाच उगमाच्या दोन वेळच्या संतती आहेत. ती माणसं ते जाणून गेली नव्हती, पण मला ही गोष्ट कळली तेव्हा मॉरिशस एकदम जवळचं वाटू लागलं.

आता ती सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वीची हकीकत सलग सांगता येते. त्याआधी सुमारे 9 कोटी वर्षांपूर्वी मादागास्कर भारतापासून सुटलं होतं. भारत एकटा, चहूबाजूंनी समुद्र असलेला, उत्तरेकडे निघालेला. त्याच्या मधोमध पूर्व-पश्चिम एक फार जुनी कमकुवत रेघ होती, आजच्या नर्मदा-सोन-तापीची. त्या रेघेवर लाव्हाच्याही आधी जमीन खचलेली होती. पश्चिमेकडून समुद्राची एक जीभ तिच्यात शिरून धारपर्यंत पोचली होती, आणि तिथल्या बाघच्या चुनखडीत तिचे शंख-शिंपले आजही सापडतात. नर्मदेच्या काठी डायनोसॉर अंडी घालत होते. मग हा सगळा मुलूख हॉटस्पॉटवर आला. जमीन तापली, फुगली, ताणली गेली, आणि जुन्या रेघेच्या आजूबाजूला भेगा पडल्या.

त्या भेगांतून आलेला लाव्हा उसळून आभाळात फार गेला नाही. तो पातळ होता, वाहता होता. वरचा पापुद्रा थिजे आणि आतून नवा लाव्हा येऊन त्याला उचलत जाई, त्यामुळे एकेक लोट फुगत, पसरत दूरवर गेला. काही लोट आंध्रात राजमहेंद्रीपर्यंत पोचले, जवळजवळ हजार किलोमीटर. दोन लोटांच्या मध्ये तळी साचत, झाडं उगवत, बेडूक आणि मासे येत. मग पुढचा लोट त्यांना झाकून टाकी. विहिरीतला तांबडा पट्टा म्हणजे अशीच एक मधली विश्रांती. मूळचं क्षेत्र बहुधा 15 लाख चौरस किलोमीटर होतं. झीज होऊन आज सुमारे 5 लाख उरलं आहे. यातला बहुतेक लाव्हा दहा लाख वर्षांच्या आत आला, असं प्रिन्स्टन आणि बर्कलेच्या गटांनी 2015 ते 2019 या काळात केलेल्या कालमापनातून दिसतं. मेक्सिकोत चिक्षुलुबला अशनी आदळला तो याच काळात. डायनोसॉर नेमके कुणी संपवले, हा वाद मी इथे सोडवत नाही. दख्खनच्या धुराने आणि गंधकाच्या वायूने त्यांचा जीव आधीच मेटाकुटीला आणला असावा, असं मात्र मला वाटतं.

त्यानंतर लवकरच पश्चिमेकडून सेशेल्सचा तुकडा तुटून मागे राहिला, आणि भारत वर्षाला पंधरा सेंटिमीटरहून जास्त वेगाने आशियाकडे निघाला. भूपट्टांच्या हिशेबात हा वेग अचाट आहे. ज्या उगमाने खान्देश झाकला तो मागे, समुद्राखाली राहून गेला.

एक गोष्ट इथे मला आवर्जून सांगायची आहे. दख्खनच्या लाव्हाची गोष्ट आपण सह्याद्रीच्या तोंडून ऐकतो. थरांची अधिकृत नावंसुद्धा तिकडचीच आहेत : इगतपुरी, खंडाळा, बुशे, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर. त्यात चूक काही नाही, कारण कडे तिकडे आहेत. पण लाव्हा जिथून वर आला त्या भेगा फार मोठ्या संख्येने खान्देशात आहेत. साइक्स आणि ब्लॅनफर्ड यांनी नोंदवलेल्या त्या उभ्या भिंती म्हणजे भेगेतच थिजून राहिलेला शिलारस. भूवैज्ञानिक त्यांना डाइक म्हणतात. साक्री, धुळे, शिंदखेडा, नंदुरबारच्या बाजूला प्रवास करताना माळावर पूर्व-पश्चिम सरळसोट जाणाऱ्या, मध्येच तुटून पुन्हा सुरू होणाऱ्या काळ्या टेकड्यांच्या ओळी दिसतात, त्या याच. आजूबाजूचा मऊ थर झिजला आणि ही कणखर भिंत उभी राहिली. एखाद्या डाइकच्या पायथ्याशी उभं राहिलं तर त्याचे पाषाणस्तंभ उभे नसून आडवे दिसतात, जळाऊ लाकडं रचून ठेवावीत तसे. कारण लाव्हाचा आडवा थर वरून आणि खालून थंड होतो, तर डाइक दोन्ही बाजूंच्या भिंतींकडून. हात कडेवर ठेवला तर दगड काचेसारखा बारीक आणि गुळगुळीत लागतो, मधोमध तो भरड होतो. कड लगेच थिजली, पोट सावकाश.

अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेतले ज्योतिरंजन राय आणि मुंबईच्या आयआयटीतले हेतू शेठ यांनी सहकाऱ्यांसह नंदुरबार-धुळ्याच्या डाइकांचा नकाशा करून 2007 साली प्रसिद्ध केला. 210 मोठे डाइक, सर्वांत लांब 79 किलोमीटर, जाडी 3 ते 62 मीटर. 62 मीटर रुंदीची भेग म्हणजे जमीन तेवढी दोन बाजूंना सरली होती. जवळजवळ सगळे पूर्व-पश्चिम, याचा अर्थ खान्देश त्या वेळी उत्तर-दक्षिण ताणला जात होता. पुढे 2011 मध्ये डाइकांचा रासायनिक ताळा सह्याद्रीच्या थरांशी लावला गेला. नाशिक-पुण्याकडच्या, वाटेल त्या दिशेला पसरलेल्या डाइकांनी सह्याद्रीचे वरचे, मोठे थर पुरवले. तापी-नर्मदेचे शिस्तीत रांगेने उभे असलेले डाइक खालच्या आणि मधल्या थरांच्या जातीचे निघाले. म्हणजे आधी जमीन ताणली जात असताना खान्देशकडच्या रांगेत उभ्या असलेल्या भेगांनी लाव्हा दिला. नंतर त्या ताणाला महत्त्व राहिलं नाही आणि तोंडं दक्षिणेकडे उघडली.

यात एक मोठा मतभेद आहे. शेठ हे प्रावरणातल्या उष्ण स्तंभाच्या कल्पनेचे जुने टीकाकार आहेत. दख्खन ते रेयुनियन अशा स्तंभाचा मागमूस नाही, असं त्यांनी 2005 मध्ये नावानिशी लिहिलं. त्यांच्या मते जुन्या भेगा ताणल्या गेल्या एवढंच कारण पुरेसं आहे. दख्खनच्या जन्माचे 30 अंश आणि रेयुनियनचे 21 अंश यांतला फरकही त्यांच्या बाजूने मांडता येतो, कारण उगम खरोखर एका जागी असता तर दख्खन 21 अंशांवरच जन्मायला हवं होतं. यावर दुसऱ्या बाजूचं उत्तर असं की हॉटस्पॉटही थोडे सरकतात आणि पृथ्वीचा अक्षही किंचित ढळतो. जहाजाने आणलेली वयं इतक्या नीट ओळीने लागतात की मला दुसरी बाजू अधिक पटते. पण उष्णता खालून आली तरी ती कुठे फुटायची, हे खान्देशच्या जुन्या भेगांनी ठरवलं, आणि ते शेठ यांच्या नकाशामुळेच इतकं स्पष्ट झालं.

डाइकांचा आजचा उपयोगही मोठा आहे. साक्री तालुक्यात पुणे विद्यापीठाच्या रेमंड दुराईस्वामी यांनी 2005 मध्ये दाखवलं की सांधे पडलेले डाइक कोरडवाहू भागात पाण्याचे साठे धरू शकतात. शिरपूरमध्ये भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांनी नाले खोल-रुंद करून पाणी जिरवलं, तेही एकीकडे बेसॉल्ट आणि दुसरीकडे तापीचा गाळ, ही जमीन ओळखूनच. खडीच्या क्रशरना मात्र डाइक म्हणजे आयता, कणखर दगड. एकदा ती भिंत फोडली की भेगेचा पुरावाही गेला आणि पाण्याची जागाही. निवडक डाइक तरी कायद्याने राखले पाहिजेत.

तापीची ती जुनी रेघ अजून शांत झालेली नाही. दख्खनच्या इतर मोठ्या नद्या पूर्वेला जात असताना तापी आणि नर्मदा पश्चिमेला वाहतात त्या खचलेल्या चरांतून. सातपुड्याच्या पायथ्याशी यावल-रावेरकडे बोअर शेकडो फूट गाळातच जातो, कारण तिथे जमीन तेवढी खाली गेली आणि नदीने ती भरून काढली. चोपड्याजवळ अडावदच्या उनपदेवाला आणि शहाद्याकडच्या उनपदेवाला कढत पाण्याचे झरे आहेत. राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने सेंधव्यावरून खान्देशातल्या सिंदाडपर्यंत सुरुंग उडवून त्यांच्या लहरी मोजल्या, आणि के. एल. कैला यांच्या गटाने तापीखाली लाव्हाच्याही तळाशी दडलेला मध्यजीव काळातला गाळ ओळखला. 14 मार्च 1938 रोजी सातपुड्यात 6 च्या वरच्या तीव्रतेचा भूकंप झाला. त्याचा उगम सुमारे 40 किलोमीटर खोल होता. 22 मे 1997 रोजी जबलपूर हादरलं तेव्हाही उगम 35 किलोमीटरच्या आसपास निघाला. इतक्या खोलवर खडक तुटतो याचा अर्थ ही रेघ कवचाच्या तळापर्यंत गेलेली आहे.

जबलपूरच्या भूकंपात खडक ताणाने नव्हे, दाबाने सरकला होता. भारत आजही वर्षाला चार-पाच सेंटिमीटरने हिमालयाला रेटतो आहे, आणि तो दाब मागे तापी-नर्मदेपर्यंत पोचतो. उत्तर-दक्षिण ताणाने ज्या रेघेवर लाव्हाच्या भेगा उघडल्या, त्याच रेघेवर आता उत्तर-दक्षिण दाब आहे. भूकंपाच्या 2002 सालच्या नकाशात खान्देशचा बराच भाग म्हणूनच मध्यम धोक्याच्या तिसऱ्या पट्ट्यात दाखवला आहे.